टाच उचललेली आहे, पण कशामुळे? सेरेब्रल पाल्सीतल्या मुलांच्या चालीचं वर्गीकरण कसं करावं

सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या लहानपणीच्या इजेमुळे हालचालींवर झालेला परिणाम) असलेलं मूल चवड्यावर चालतंय, हे ते दारातून आत येतानाच दिसतं. पण 'चवड्यावर चालतं' एवढ्यावरून उपचाराचं काहीच ठरत नाही. पोटरी आखडली असेल तर टाच उचललेली राहते, आणि पोटरी ठीक असून गुडघे-खुबे वाकलेले असतील तरीही ती उचललेलीच राहते. पहिल्या मुलाला पोटरीवरचा उपचार लागतो. दुसऱ्याला तोच दिला, विशेषतः टाचेमागचा टेंडन शस्त्रक्रियेने लांबवला, तर ते मूल पुढच्या काही वर्षांत गुडघ्यातून आणखी खाली बसत जातं. चालीचं वर्गीकरण करायचं ते मुख्यतः हा फरक पकडण्यासाठी.

खालची पद्धत फिजिओथेरपिस्ट, ऑर्थोटिस्ट (पायाला आधार देणारी स्प्लिंट बनवणारे) आणि खोलात जाऊन समजून घेऊ इच्छिणाऱ्या पालकांसाठी आहे. तिला एक मोबाइल, एक ट्रायपॉड, गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) आणि तपासणीचं टेबल पुरतं. त्रिमितीय गेट लॅब (चाल यंत्रांनी मोजणारी प्रयोगशाळा) हाताशी असेल तर उत्तमच; शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल तर ती शोधावीच.

आधी ठरवा: हे मूल या चौकटीत बसतं का?

इथले गट स्पास्टिक, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा असलेल्या आणि स्वतः किंवा आधाराने चालणाऱ्या मुलांसाठी आहेत. जीएमएफसीएस या हालचालींच्या क्षमतेच्या वर्गीकरणाच्या भाषेत स्तर १ ते ३. स्तर १ म्हणजे घरात-बाहेर, जिन्यावर सगळीकडे आधाराविना चालणं. २ म्हणजे चालणं येतं पण लांबचं अंतर, खडबडीत जमीन, जिना इथे अडतं. ३ म्हणजे वॉकर किंवा कुबड्या लागतात. जीएमएफसीएस आणि चालीचा गट यांची गल्लत फार होते. जीएमएफसीएस सांगतं मूल कुठवर आणि कशाच्या आधाराने चालतं. कसं चालतं ते सांगत नाही. स्तर २ चीच दोन मुलं अगदी उलट पद्धतीने चालत असू शकतात.

डिस्टोनिया (स्नायू आपोआप पिळवटणं) किंवा अटॅक्सिया (तोल आणि समन्वय नसणं) ठळक असेल तर चाल पावलागणिक बदलते. अशा मुलाला ओढूनताणून गटात बसवू नये. 'वर्गीकरण लागू नाही' असं लिहिणं हाही निष्कर्षच आहे. तीन गोष्टी दिसल्या तर गटाचं नाव बाजूला ठेवून मुलाला आधी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवावं: आलेली कौशल्यं हरपत जाणं, सकाळी बरी चाल संध्याकाळपर्यंत स्पष्ट बिघडणं, आणि घराण्यात आणखी कुणाची तशीच चाल असणं. पहिल्या प्रकारात आजार वाढता असू शकतो, दुसऱ्यात औषधाला दाद देणारा डिस्टोनिया, तिसऱ्यात आनुवंशिक स्पास्टिक पॅराप्लेजिया. सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत नाही. स्नायू आणि हाडांत मात्र वयानुसार बदल होत राहतात.

चित्रीकरण

निम्म्या चुका इथेच होतात. आठ-दहा मीटर सरळ, सपाट जागा घ्या आणि मधले चार-पाच मीटरच टिपा, कारण सुरुवातीची आणि शेवटची दोन पावलं वेग पकडण्या-सोडण्याची असतात. कॅमेरा ट्रायपॉडवर, मुलाच्या कमरेच्या उंचीवर, चालण्याच्या रेषेशी काटकोनात. तो मुलामागे फिरवायचा नाही. फिरवला की कोन तिरके दिसतात आणि दहा अंशांची चूक सहज होते. शक्य तितकं मागे जाऊन झूम केलेलं बरं. सेकंदाला किमान ६० फ्रेम घ्या. उजेड भरपूर असेल तर १२०.

कपडे मांडीपर्यंतच्या चड्डीएवढे, शर्ट वर खोचलेला, पाय अनवाणी. धुता येईल अशा पेनने पाच खुणा करा: मांडीच्या हाडाचा खुब्याजवळ हाताला लागणारा उंचवटा, गुडघ्याची बाहेरची बाजू, बाहेरचा घोटा, टाच, आणि करंगळीच्या मुळाचं हाड. गुडघ्यांच्या दोन्ही वाट्यांवर मधोमध एकेक गोल टिकली चिकटवा. समोरून बघताना सगळ्यात जास्त माहिती ही टिकली देते.

उजवीकडून, डावीकडून, समोरून, मागून अशा चारही बाजू घ्या. प्रत्येक बाजूच्या तीन-चार फेऱ्या, त्यातली पहिली सोडून द्यायची. मग हेच स्प्लिंट घालून. मुलाला काहीही सूचना देऊ नये. 'टाच टेकव', 'नीट चाल' असं मागून कुणी कुजबुजलं तरी मूल लगेच दाखवण्यापुरतं वेगळं चालतं, आणि नोंद होते ती त्या शिकवलेल्या चालीची. थकल्यावरची एक फेरी शेवटी अवश्य घ्या. बऱ्याच मुलांचे गुडघे तेव्हाच वाकू लागतात.

थांबवलेलं चित्र

चालत्या व्हिडिओवरून गट सांगायचा मोह टाळावा. चार क्षणी चित्र थांबवा: पाऊल टेकतं तो क्षण, मिडस्टान्स, दुसरं पाऊल टेकण्याच्या अगदी आधीचा क्षण, आणि स्विंगचा, म्हणजे पाय हवेत असण्याच्या काळाचा, मध्य. सगळ्यात महत्त्वाचा मिडस्टान्स. हवेतल्या पायाचा घोटा जमिनीवरच्या पायाच्या घोट्याशेजारून जातो, ती फ्रेम.

तुलनेसाठी सर्वसाधारण चालीचे आकडे लक्षात ठेवा. चालण्याच्या एका चक्राचा सुमारे ६० टक्के वेळ पाय जमिनीवर, ४० टक्के हवेत. वजन पायावर येताना गुडघा १५–२० अंश वाकतो, मग सरळ होत होत मिडस्टान्सनंतर ५ अंशांच्या आसपास येतो. घोटा मिडस्टान्सनंतर साधारण १० अंश नडगीकडे झुकलेला असतो. दुसरं पाऊल टेकण्याआधी खुबा सुमारे १० अंश मागे गेलेला असतो. स्विंगमध्ये गुडघा ६० अंशांपर्यंत वाकतो.

आता खरी मेख. घोट्याचा कोन मोजायचा तो तळपाय आणि नडगी यांच्यामध्ये. जमिनीशी त्याचा संबंध नाही. ९० अंश म्हणजे शून्य; पाऊल नडगीकडे आलं तर घोटा 'वर', चवडा खाली झुकला तर घोटा 'खाली'. समजा एका मुलाची मिडस्टान्सची फ्रेम थांबवली आणि टाच स्पष्ट वर दिसतेय. नडगी उभ्या रेषेपासून २० अंश पुढे झुकलेली आहे, मांडी १५ अंश. गुडघा खुब्याच्याही पुढे आहे. म्हणजे गुडघा २० अधिक १५ असा ३५ अंश वाकलेला. तळपाय जमिनीशी २० अंशांचा कोन करतोय. आता नडगी आणि तळपाय यांच्यामधला कोन मोजा: बरोबर ९० अंश. घोटा शून्यावर आहे! टाच उचलली गेलीय ती केवळ नडगी पुढे झुकल्यामुळे. या मुलाच्या पोटरीत बोटॉक्स (स्नायूचा ताठरपणा कमी करणारं इंजेक्शन) दिलं तर टाच कदाचित टेकेलही, पण नडगी आणखी पुढे कोसळेल आणि गुडघा आणखी वाकेल.

याच्या उलटही घडतं. टाच जमिनीला टेकलेली, पण नडगी १० अंश मागे झुकलेली आणि गुडघा मागे वळलेला. तळपाय सपाट असला तरी घोटा १० अंश खाली आहे, म्हणजे इक्विनस आहे. 'टाच टेकते, पोटरी ठीक' असं लिहून इथे हमखास फसगत होते.

तीन वेगवेगळ्या पावलांवर मोजा. तिन्ही आकडे पाच-सात अंशांत असतील तर विश्वास ठेवा.

एका बाजूचा त्रास: हेमिप्लेजिया

विंटर्स, गेज आणि हिक्स यांनी १९८७ मध्ये मांडलेले चार प्रकार आजही वापरात आहेत. त्रास पावलाकडून वरच्या सांध्यांकडे चढत जातो, म्हणून वाचायलाही खालून वर वाचा.

प्रकार १ मध्ये पाऊल हवेत असताना लोंबतं आणि चवडा आधी टेकतो, पण वजन आल्यावर घोटा पुरेसा वर येतो. पोटरी आखडलेली नसते. पाऊल उचलणाऱ्या स्नायूंवर ताबा नसतो. पातळ, लवचिक पानासारखं स्प्लिंट बहुधा पुरतं. इथे पोटरी लांबवणं निव्वळ नुकसानीचं.

प्रकार २ मध्ये स्टान्समध्ये, म्हणजे पाय जमिनीवर असतानाही, घोटा खालीच राहतो. गुडघा सरळ असेल तर २अ, मागे वळत असेल तर २ब. हेमिप्लेजियात हा प्रकार सर्रास आढळतो. बोटॉक्स, सीरियल कास्टिंग (टप्प्याटप्प्याने बदललं जाणारं प्लास्टर), बिजागरीचं स्प्लिंट, आणि आखडणं पक्कं झालं असेल तर मोजकी शस्त्रक्रिया, या क्रमाने विचार होतो. २ब मध्ये स्प्लिंटला पाऊल खाली जाण्यापासून रोखणारा थांबा हवाच, नाहीतर गुडघा मागे जातच राहतो.

प्रकार ३ मध्ये वरच्या जोडीला गुडघाही येतो: स्विंगमध्ये तो पुरेसा वाकत नाही, ताठ राहतो. पाय आपटू नये म्हणून मूल तो कमरेतून वर्तुळात फिरवतं किंवा चांगल्या पायाच्या चवड्यावर उंच होतं. समोरच्या व्हिडिओत हे आधी दिसतं, बाजूच्या व्हिडिओत नंतर.

प्रकार ४ मध्ये खुबाही सामील होतो. तो वाकलेला, आत ओढलेला आणि आतल्या बाजूला वळलेला असतो. पेल्व्हिस (कमरेचं हाड) पुढे झुकलेली. हा प्रकार कमी मुलांत आढळतो, पण सुटून गेला तर महागात पडतो, कारण या मुलांत खुबा हळूहळू सांध्यातून सरकू शकतो. 'एकाच बाजूचा त्रास आहे, खुब्याला काय होणार' असं समजून एक्स-रे टाळला जातो. प्रकार ४ लिहिलात की खुब्याचा एक्स-रे मागवा.

हेमिप्लेजियात बाधित पाय थोडा आखूड असणं नेहमीचंच. दोन्ही पायांची लांबी टेपने मोजा. टाच उचलण्यामागे तेही एक कारण असू शकतं.

दोन्ही पायांचा त्रास: डायप्लेजिया

रोडा आणि ग्रॅहम यांनी २००१ मध्ये चालीचे गट आणि उपचारांची दिशा एकत्र मांडली, आणि २००४ मध्ये रोडा व सहकाऱ्यांनी डायप्लेजियाचे पाच गट पक्के केले. पाठ करायची गरज नाही. मिडस्टान्सच्या फ्रेमला दोनच प्रश्न विचारा: घोटा कुठे आहे, आणि गुडघा कुठे आहे?

घोटा खाली, गुडघा सरळ किंवा मागे वळलेला: ट्रू इक्विनस, गट १. घोटा खाली, गुडघा वाकलेला: जंप, गट २. घोटा सर्वसाधारण मर्यादेत, गुडघा वाकलेला: अ‍ॅपरंट इक्विनस, गट ३. वरच्या हिशोबातलं मूल याच गटातलं. घोटा प्रमाणाबाहेर वर आलेला, गुडघा वाकलेला: क्राउच, गट ४. दोन पाय दोन वेगळ्या गटांत असतील तर असममित चाल, गट ५. नाव एकच असलं तरी गट ५ मध्ये प्रत्येक पायाचा गट स्वतंत्र लिहायचा. 'गट ५' एवढंच लिहिलेला अहवाल कुणाच्याच कामाचा नाही.

खुबा आणि पेल्व्हिस नंतर बघा. गट २, ३ आणि ४ मध्ये खुबा सहसा वाकलेलाच असतो. पेल्व्हिसवरून मात्र गट ठरवू नये. क्राउचमध्ये ती पुढे, मागे किंवा सरळ, कशीही असू शकते.

हे गट पायरीसारखेही आहेत. नुकतीच चालू लागलेली मुलं अनेकदा गट १ किंवा २ मध्ये असतात. उंची-वजन वाढतं, स्नायूंची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही, आणि काही मुलं गट ३ मधून ४ कडे सरकतात. पोटरी नडगीला मागे धरून ठेवते, त्यामुळे गुडघा सरळ राहतो. पोटरी सैल पडली की हा आधारच जातो. म्हणून गट २ आणि ३ मध्ये केवळ पोटरीकडे बघून निर्णय घेणं सगळ्यात धोक्याचं. गट १ मध्ये बोटॉक्स आणि बिजागरीचं स्प्लिंट चालतं; गट ३ ला बिजागरीचं स्प्लिंट दिलं तर नडगी मोकाट पुढे जाते, तिथे ती रोखणारं घट्ट स्प्लिंट लागतं. क्राउचमध्ये नडगीच्या पुढच्या बाजूने आधार देणारं, जमिनीच्या प्रतिक्रियेवर चालणारं स्प्लिंट उपयोगी पडतं, पण गुडघा टेबलावर बऱ्यापैकी सरळ होत असेल तरच. गुडघा पक्का आखडला असेल तर तेच स्प्लिंट नुसतं टोचत राहतं.

बाजूचा व्हिडिओ खोटं बोलतो तेव्हा

समोरच्या व्हिडिओत वाट्यांवरच्या टिकल्या बघा. त्या आत वळलेल्या असतील तर गुडघा वाकतो ते प्रतलच कॅमेऱ्यापासून फिरलेलं असतं, आणि बाजूने गुडघा खऱ्यापेक्षा कमी वाकलेला दिसतो. समोरून तेच वाकणं मांड्या आत ओढल्यासारखं, पाय कात्रीसारखे अडकल्यासारखं दिसतं. आतल्या बाजूचे स्नायू आखडलेत असं समजून त्यांच्यावर इलाज होतो, आणि खरा दोष, म्हणजे मांडीच्या हाडाचा पीळ, तसाच राहतो. टिकली ठळक आत असेल तर बाजूच्या व्हिडिओतला अंशांचा आकडा लिहूच नका. 'वाकलेला' एवढंच लिहा.

दुसरी फसवणूक पावलाच्या मध्याची. पाऊल बाहेर वळून मधोमध मोडलं की टाचेचं हाड वरच राहतं आणि पुढचं पाऊल सपाट पडतं. लांबून घोटा छान वर आल्यासारखा वाटतो. मागच्या व्हिडिओत टाच बाहेर ढळलेली आणि कमान जमिनीला टेकलेली दिसली की घोट्याचा कोन टाचेच्या रेषेवरून मोजा, पुढच्या पावलावरून नव्हे. असं मोडलेलं, बाहेर वळलेलं पाऊल तरफ म्हणून निकामी होतं. पोटरी ओढते, पण ती ओढ गुडघ्यापर्यंत पोचत नाही. क्राउचचं मूळ कित्येकदा इथे असतं.

टेबलावर पडताळा

गट व्हिडिओवरून ठरतो. त्याचं कारण टेबलावर सापडतं.

घोटा: पाऊल किंचित आत वळवून पक्कं धरा, म्हणजे मधला मोड फसवणार नाही. गुडघा ९० अंशांत वाकवून घोटा वर आणा, मग गुडघा सरळ करून पुन्हा. गुडघा वाकवल्यावर घोटा मोकळा आणि सरळ केल्यावर अडकत असेल तर दोष वरवरच्या पोटरीत. दोन्ही वेळा अडकत असेल तर खोल स्नायूही आखडलेला. हीच हालचाल एकदा झटक्यात आणि एकदा सावकाश करा. झटक्यात जिथे अडकतं आणि सावकाश जिथवर पोचतं, त्यांत मोठं अंतर असेल तर ताठरपणा जास्त आणि तिथे बोटॉक्सला वाव. अंतर नगण्य असेल तर आखडणं पक्कं.

मांडीमागचे स्नायू (हॅमस्ट्रिंग): उताणं झोपवून खुबा ९० अंशांत, गुडघा सरळ करत जा, पूर्ण सरळ व्हायला किती अंश कमी पडतात ते लिहा. मग दुसरी मांडी पोटाशी धरून कंबर टेबलाला टेकवा आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांत २० अंशांहून जास्त फरक आला तर हॅमस्ट्रिंग आखूड कमी आणि पेल्व्हिस पुढे झुकलेली जास्त. ही दुसरी मोजणी बहुतेक ठिकाणी राहूनच जाते, आणि मग आखूड नसलेले स्नायू लांबवले जातात.

खुबा पूर्ण सरळ होतो का ते थॉमस चाचणीने (एक मांडी पोटाशी धरून दुसरी टेबलाला टेकते का ते बघून) तपासा. पालथं झोपवून गुडघा झटक्यात वाकवला आणि कुल्ला वर उचलला गेला तर मांडीपुढचा स्नायू ताठर आहे. स्विंगमध्ये ताठ राहणाऱ्या गुडघ्याशी हे जुळवा. पालथ्या स्थितीतच खुबा आत-बाहेर किती वळतो आणि पावलाचा कोन मांडीशी किती आहे ते नोंदवा.

टेबलावरचं आणि व्हिडिओतलं जुळलं नाही तर गडबडू नका. घोटा टेबलावर १० अंश वर येतो आणि चालताना खालीच राहतो, हे ताठरपणाचं किंवा ताबा नसल्याचं लक्षण आहे.

नोंद कशी लिहावी

एक नमुना: 'वय ८, स्पास्टिक डायप्लेजिया, जीएमएफसीएस २. अनवाणी, आधाराविना. उजवा: अ‍ॅपरंट इक्विनस, मिडस्टान्सला घोटा ०, गुडघा ३५ वाकलेला. डावा: जंप, घोटा १० खाली, गुडघा २५ वाकलेला. असममित, गट ५. वाट्या सरळ. उजवं पाऊल बाहेर, मध्यात मोडलेलं. थकल्यावर दोन्ही गुडघे अधिक वाकतात.'

सोबत एडिनबरा व्हिज्युअल गेट स्कोअर भरला तर बदल मोजायला आकडा मिळतो. प्रत्येक पायासाठी १७ मुद्दे, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, म्हणजे एका पायाचे जास्तीत जास्त ३४. गुण जितके जास्त तितकी चाल बिघडलेली. गेट लॅबचा अहवाल असेल तर त्यातला जीडीआय (गेट डेव्हिएशन इंडेक्स, चाल किती बिघडली याचा एकत्रित आकडा) उलटा वाचायचा: १०० म्हणजे सर्वसाधारण, आणि खाली येणारे दर १० गुण म्हणजे एक प्रमाण विचलन.

सीमेवरची मुलं भेटणारच. घोटा ३ अंश खाली असला तर जंप की अ‍ॅपरंट यावर दोन अनुभवी तपासनीसांचंही जमणार नाही. तिथे दोन्ही शक्यता आणि मोजलेला कोन लिहून ठेवा. चित्रीकरण साधारण वर्षाने पुन्हा करा, उंची झपाट्याने वाढत असेल तर सहा महिन्यांनी. कॅमेऱ्याची उंची आणि अंतर पहिल्या वेळचंच ठेवा आणि ते फाइलच्या नावातच लिहा, नाहीतर वर्षभरात गुडघा खरंच वाकला की ट्रायपॉड खाली आला होता, हे कळणार नाही.